पीसीसी का पॉइंट टू टू? शौकाच्या नेमबाजीवर जरा भांडूया

डॅलसचा_सोलापूरकर
आईकडं जुळे सोलापुरात सुट्टीला आलोय आणि जो भेटेल तो एकच विचारतोय, तिकडं अमेरिकेत बंदूक घेतली म्हणे, कुठली? म्हणून एकदाच लिहून टाकतो. पीसीसी, म्हणजे पिस्टल कॅलिबर कार्बाइन. गोळी पिस्तुलाची ९ एमएम, बाकी सगळं रायफलसारखं, खांद्याला दस्ता आणि १६ इंची नळी (तिथं रायफलची नळी त्याहून आखूड असली की वेगळी नोंदणी, वेगळी कटकट). माझं मत सरळ आहे, शौकाला पहिली घ्यायची तर हीच घ्या. पिस्तूल नवख्याच्या हातात नाचतं, ही खांद्याला आणि गालाला टेकते त्यामुळं पहिल्याच दिवशी कागदावर भोकं एका जागी पडायला लागतात आणि माणूस परत येतो. मोठ्या रायफलला बऱ्याच इनडोअर रेंजवर नाही म्हणतात, हिला चालते. माझी रुगर कंपनीची पीसी कार्बाइन आहे, दोन तुकडे होऊन सॅकमध्ये बसते आणि आतला मॅगझिनचा भाग बदलला की ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिन (गोळ्यांची पेटी) चालते, म्हणजे पिस्तूल आणि कार्बाइन दोघांना एकच खुराक. आयडिया नवी नाही, १८७३ च्या विंचेस्टर रायफलची .४४-४० गोळी कोल्टनं नंतर रिव्हॉल्व्हरला घेतलीच होती. बोला आता.

कडक_भाकरी
म्हणजे वजन रायफलचं, पैसे रायफलचे आणि मारा पिस्तुलाचा. कशासाठी बे? ९ एमएमची बारूद मुळात आखूड नळीसाठी बनवलेली, १६ इंचात वेग सेकंदाला शंभर-दोनशे फूट वाढला तर वाढला. ५.५६ एमएमच्या रायफलची गोळी तीन हजार फुटांच्या घरात जाते. शंभर यार्डाच्या पुढं तुझी कार्बाइन काय करणार?

डॅलसचा_सोलापूरकर
शंभरच्या पुढं न्यायचीच कशाला? मला डोंगरावरचं हरीण मारायचं नाहीये, रविवारी तासभर लोखंडी प्लेटा वाजवायच्यात. रायफलच्या गोळीनं जवळच्या पिस्तुलाच्या प्लेटला खड्डे पडतात, रेंजवाला हाकलून देतो. आणि अंतराचा अभ्यास हिच्यातपण आहे की. एआर-१५ रायफलीच्या घाटणीच्या कार्बाइनवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) नळीच्या अडीच इंच वर बसतो, ५० यार्डाला झीरो केली, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवली, तर ७ यार्डावर गोळी डॉटच्या पावणेदोन इंच खाली लागते आणि १०० यार्डाला परत चार-पाच इंच खाली. छोट्या टार्गेटला जवळून नेम धरायचा तर डॉट मारायच्या जागेच्या वर ठेवावा लागतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मजा आली होती.

नेमबाज_ताई
दादा, मजा कळली, पण पहिली बंदूक हीच घ्या हे मात्र पटलं नाही. मी पॉइंट टू टू (.२२ बोअरची बारीक गोळीची रायफल) मारते, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाते, त्यामुळं माझी बाजू कुठली ते आधीच सांगते. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं असतं. तिथं श्वास कुठं थांबवला, बोटाचं कुठलं पेर ट्रिगरवर होतं, सगळं कागदावर दिसतं. तुमच्या प्लेटला मध्यभागी लागलं काय आणि कडेला लागलं काय, टण्ण आवाज सारखाच, शिकणार काय त्यातून? २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं ते टू टूवरच. आणि तिकडंसुद्धा टू टूची गोळी ९ एमएमच्या निम्म्याहून स्वस्त पडते ना?
दुसरं म्हणजे धक्का. लोक म्हणतात पिस्तुलाची गोळी, धक्का काय असणार. पण साध्या ब्लोबॅकमध्ये (गोळीच्या धक्क्यानंच बंदूक परत भरली जाते त्या रचनेत) बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याला, कुलूपच नसतं, तो निव्वळ वजनावर आणि स्प्रिंगवर थांबतो, म्हणून मुद्दाम जड ठेवतात आणि तो जड ठोकळा मागं आपटतो, मग पुढं येऊन आपटतो. नवखा माणूस तिथंच डोळे मिटायला शिकतो, ती सवय मोडायला नंतर फार त्रास होतो.

डॅलसचा_सोलापूरकर
ब्लोबॅकचा मुद्दा खरा आहे ताई. रुगरनं त्यासाठी बोल्टमध्ये टंगस्टनचं वजन घातलंय, एमपी५ बंदुकीत बोल्ट उशिरा उघडायला रोलर असतात, सिग कंपनीच्या एमपीएक्समध्ये गॅसवर काम चालतं. पैसे जास्त मोजले तर धक्का कमी, एवढंच. पण डोळे मिटायचं खापर माझ्या बंदुकीवर नको, बारा बोअरनं (छर्ऱ्याच्या मोठ्या बंदुकीनं) सुरुवात केलेल्यांना विचारा! टू टूचंपण एक सांगतो, रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी) गोळी मधूनच फुसकी निघते आणि तिचं रिकामं केस परत भरता येत नाही, ९ एमएमचं पितळ गोळा करून परत वापरता येतं.

एडिसनहून_परतलेला
एक भर घालतो कारण इथली बरीच पोरं एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) अमेरिकेला जातात. तिथं एच-वन किंवा टुरिस्ट व्हिसावर असलात तर फेडरल कायद्यानं बंदूक-गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत, रेंजवरची भाड्याची पण त्यातच आली. चालू हंटिंग लायसनसारखी सूट असली तरच जमतं. ग्रीनकार्डवाल्याला प्रश्न नाही. मित्र म्हणतो चल रे काही होत नाही, तेव्हा त्याचं ऐकू नका, तुमच्या व्हिसाचं पाणी होईल त्याचं काय जातंय.

वकील_काका
इथल्या पोरांनी स्वप्नं बघू नयेत म्हणून लिहितो. आपल्याकडं ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर (साध्या माणसाला बंदी असलेला), सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या लायसनवर नाही, म्हणजे पीसीसीला दोन्हीकडून दार बंद. मिळतं ते .३२ पिस्तूल, .२२ रायफल, बारा बोअर वगैरे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसनवर दोनच हत्यारं, आधी तीन होती. नावाजलेल्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, तालुक्याला असाल तर जिल्हाधिकारी. लग्नात मिरवायला पाहिजे असेल तर तो विचार सोडा.

लूमवाला
तुमचं डॅलस आणि बालेवाडी चालू द्या, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसून रोज मारतो. ४.५ एमएमची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल, लायसन लागत नाही, दुकानात ओळखपत्र दाखवलं की झालं. आमचा एक शेड बंद पडलाय, माग विकले, लांबी दहा मीटर आरामात भरते. पेलेट ट्रॅपच्या (छर्रे अडवणाऱ्या पेटीच्या) मागं लाकडी फळी आणि तिच्यापुढं दोन जुन्या चादरी सैल टांगल्यात, ताणून बांधायच्या नाहीत. सैल चादरीत पेलेट शिरली की तिचा जीव जातो आणि खाली पडते, ताणलेल्या चादरीवरून उलटी येते. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा, आणि शेजारच्या शेडमध्ये माग सुरू झाले की फरशी थरथरते, त्यात नेम धरून दाखवा मग बोलू पीसीसीचं.

कडक_भाकरी
हे बरंय, चादरीचा खरा उपयोग शेवटी सापडला सोलापूरला. पण काका म्हणतात तसं इथं मिळतच नाही तर हा वाद कशाला?

डॅलसचा_सोलापूरकर
बुगाटी मिळत नाही म्हणून पार्क चौकात बुगाटीवर बोलायचं बंद झालंय का? लूमवाले, चॅलेंज घेतलं. आणि ताई, कागदावरच तुमचं दिसतं म्हणता तर पीसीसी कागदावर चालत नाही असं कुठं लिहिलंय? २५ यार्डाला कागद लावून हळू मारली तरी तीच बंदूक आहे. प्लेटवर वेळ मोजतो, कागदावर भोकं मोजतो, तुमच्या टू टूत टायमर लावून टार्गेट बदलत पळायची मजा दाखवा.

नेमबाज_ताई
पळायचं असेल तर पार्क स्टेडियमवर सकाळी पळा, गोळ्या फुकट वाचतील 😄 कागदावर हळू मारणार असाल तर ९ एमएमचे पैसे घालायचेच कशाला, हा माझा प्रश्न तसाच राहिला. लूमवाले दादा, आधी मी येते. मे सोडून कधीपण, तुमच्या पत्र्याखाली मेमध्ये बंदूक नाही, आम्हीच वितळू.

लूमवाला
या की. माग बंद असतील त्या दिवशी या, फरशी हलत नाही. पण मग स्कोअर धरणार नाही आधीच सांगतो.