टेक्सस ड्युअल क्रेडिट: घरात कॉलेजला जाणारी पहिलीच मुलगी, कोर्स कोणते घ्यावेत?

शनिवारची_शिकवणी:
टेक्ससच्या पब्लिक हायस्कूलमधली एक मुलगी ऑगस्टपासून अकरावीत जाईल. आईवडिलांपैकी कुणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तिला नर्सिंगची चार वर्षांची डिग्री, म्हणजे बीएसएन करायचंय. शाळेने ड्युअल क्रेडिटचे, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे मोजले जाणारे, कम्युनिटी कॉलेजचे चार कोर्स एकदम सुचवलेत: इंग्लिश 1301, हिस्टरी 1301, मॅथ 1314 (कॉलेज अल्जेब्रा), सायकॉलॉजी 2301. टीएसआय, म्हणजे कॉलेजच्या कोर्सची तयारी तपासणारी टेक्ससची परीक्षा, इंग्लिश आणि गणित दोन्हीत पास आहे. फुकट मिळताहेत तर चारही घ्यावेत का?

कोष्टकवाला:
आधी ते 1314 तपासा. बऱ्याच बीएसएन प्रोग्रॅमना स्टॅटिस्टिक्स लागतं, म्हणजे मॅथ 1342, आणि कोअरमधला, म्हणजे सगळ्या डिग्र्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांतला, गणिताचा रकानाही त्यानेच भरतो. 1314 घेतलं तर गणित दोनदा करायची पाळी येते. मात्र ती इंजिनिअरिंगकडे वळण्याची शक्यता असेल तर उलटं: कॅल्क्युलसच्या वाटेवर 1314 आहे, 1342 नाही.

तिला जिथे जायचंय अशा दोन-तीन युनिव्हर्सिटींचे डिग्री प्लॅन उघडा आणि कोर्सचे आकडे शेजारी ठेवून जुळवा. टेक्ससच्या समान क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा, दुसरा क्रेडिटचा. बायोलॉजी 2401, म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, दुसऱ्या वर्षाचं आणि 4 क्रेडिटचं.

सरकारी युनिव्हर्सिटी 42 क्रेडिटच्या कोअरमधले कोर्स घेतात. पण क्रेडिट घेतलं जाणं वेगळं आणि ते डिग्रीला लागू पडणं वेगळं. लागू न पडलेलं क्रेडिट इलेक्टिव्ह म्हणून नुसतं पडून राहतं. खासगी किंवा राज्याबाहेरच्या कॉलेजांवर तर हे बंधनच नाही. हायस्कूलच्या डिप्लोमात मोजलेलं क्रेडिट काही जण सरळ नाकारतात.

सोळा_आठवडे:
चार एकदम? नको. 3 क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला 3 तास वर्ग आणि साधारण 6 तास घरचा अभ्यास, असे 9. चार कोर्सचे 36, शाळेचे बाकीचे विषय वेगळेच. कोर्सचा वर्ग 16 ऐवजी 8 आठवड्यांचा निघाला तर दुप्पट. तो किती आठवड्यांचा आहे हे शाळा सांगेलच असं नाही, वेळापत्रकात स्वतः बघा.

माझी मांडणी अशी: फॉलला (ऑगस्टच्या सत्रात) इंग्लिश 1301 आणि सायकॉलॉजी 2301. स्प्रिंगला (जानेवारीच्या सत्रात) इंग्लिश 1302 आणि मॅथ 1342. हिस्टरी बारावीत. सायकॉलॉजी आधी, कारण नर्सिंगला पुढे बऱ्याचदा सायकॉलॉजीचाच 2314 लागतो आणि त्याची वाट 2301 मधून जाते. अ‍ॅनाटॉमी हायस्कूलमध्ये घेऊच नका. नर्सिंगच्या निवडीत सायन्सच्या ग्रेडला फार वजन असतं, कोर्स पुन्हा केला तर अनेक ठिकाणी ते मोजतात, आणि काही प्रोग्रॅम जुनं सायन्स क्रेडिट मानतच नाहीत.

पहिल्या पेपरला गाडी घसरली तर तारखा पाठ हव्यात. 16 आठवड्यांच्या सत्रात बाराव्या वर्गदिवसापर्यंत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर तिथे डब्ल्यू, म्हणजे 'विथड्रॉन', पडतो. जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) तो लागत नाही, पण फेडरल मदतीसाठी घेतलेल्यांपैकी साधारण 67 टक्के क्रेडिट पूर्ण झालेली लागतात आणि तिथे डब्ल्यू 'घेतलेलं' म्हणून मोजला जातो. पुढे त्याच कॉलेजात गेली तर आत्ताचा डब्ल्यूही सहसा हिशेबात येतो.

शनिवारची_शिकवणी:
हे पटलं. 'फुकट'मध्ये काही मेख आहे का? आणि वडील विचारताहेत, प्रोफेसरांना फोन केला तर चालेल का?

खिडकी_क्र_4:
टेक्ससमध्ये 2023 च्या कायद्याने आलेली फास्ट योजना आहे: मागच्या चार शालेय वर्षांत कधीही फ्री किंवा रिड्यूस्ड लंचला (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शाळेत मिळणाऱ्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला) पात्र असलेल्यांना सहभागी कॉलेजांत ड्युअल क्रेडिट मोफत. कॉलेज सहभागी आहे का आणि पुस्तकं व अ‍ॅक्सेस कोड कोण देणार, हे लेखी विचारा. कोड नसेल तर होमवर्कच्या साइटवर लॉगिनच होत नाही. शाळेची परचेस ऑर्डर येईपर्यंत दोन असाइनमेंटवर शून्य बसलेलं असतं.

वडिलांनी फोन करून फारसं साधणार नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या फेडरल कायद्याने कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क मुलीकडे जातो, वय सतरा असलं तरी. इशारेही तिच्या कॉलेज ईमेलवर येतात, जो बहुतेक मुलं उघडतच नाहीत. पहिल्याच आठवड्यात तो फोनवर टाकून घ्या.

आणि बारावीत अर्ज भरताना कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवायचं. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड दिसली तरी युनिव्हर्सिटी त्यावर क्रेडिट देत नाही. स्प्रिंगची ग्रेड चढल्यावर अंतिम प्रत पुन्हा पाठवावी लागते.