दोन नकाशांचे रंग जुळत नाहीत, कंटूरची कलर स्केल फिक्स कशी करायची?

नाशिककर_एमएस्सी: नमस्कार मंडळी, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या पहाटेच्या तापमानाचे कंटूर (समान तापमानाच्या रेषा आणि त्यांच्यामधले रंगीत पट्टे) मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) काढतोय, पण डिसेंबर-जानेवारी शेजारी ठेवले की डिसेंबरचं ९ अंश आणि जानेवारीचं ५ अंश दोन्ही सेम गडद निळं दिसतं, व्हीमिन-व्हीमॅक्स (रंगांच्या स्केलची किमान-कमाल किंमत) दिलं तरी कलरबार (कुठला रंग म्हणजे किती अंश ते दाखवणारी पट्टी) वेगळेच येतात. कलरमॅप (रंगमाला) जेट आहे, निळ्यापासून पिवळ्यातून लालपर्यंत जाणारा. काय चुकतंय?

गोदाकाठ: कंटूरएफला (रंग भरलेले कंटूर काढणारं फंक्शन) नुसतं व्हीमिन-व्हीमॅक्स देऊन भागत नाही, लेव्हल्स (रंग बदलायचे टप्पे) तो त्या त्या डेटावरूनच ठरवतो. दोन्ही नकाशांना एकच लेव्हल्सची यादी दे, ४ ते २०, दर अंशाला एक. आणि एक्स्टेंडला बोथ ठेव, म्हणजे दोन्ही टोकांपलीकडेही रंग भरला जातो, नाहीतर ४ च्या खालचा भाग कोराच राहतो, बघणाऱ्याला वाटतं तिथे डेटाच नाही, आणि नेमक्या त्याच बागांना थंडीचा सगळ्यात जास्त धोका असतो!

सिन्नरची_मीरा: आधी ते जेट काढ रे प्लीज. तापमान हळूहळू बदलत असलं तरी पिवळ्या पट्ट्याशी रेघ मारल्यासारखी वाटते, लोक तिथे सीमा आहे समजतात. काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघ, निळं टोक आणि लाल टोक दोन्ही काळपट येतात, गार कुठलं न गरम कुठलं कळतच नाही. मॅटप्लॉटलिबनेच २०१७ ला २.० मध्ये जेट सोडून विरिडिस (गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखा उजळत जाणारा) डिफॉल्ट केला. सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तरच निळा-पांढरा-लाल घे, पांढरा बरोबर शून्य फरकावर.

नाशिककर_एमएस्सी: झालं! लेव्हल्स एक केल्या, विरिडिस लावला, दोघांना मिळून एकच कलरबार. निफाडचा पट्टा जानेवारीत आता स्पष्ट गडद दिसतोय. खूप आभार दोघांचे.