परावर्तित शक्तीच्या वादात कोणाचे म्हणणे प्रमाण मानावे?

मांजराकाठ, लातूर
आमच्या हौशी रेडिओ गटातील दोन ज्येष्ठांचे एकमत होत नाही. एक निवृत्त अभियंते सांगतात, की एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते ते सांगणारे गुणोत्तर; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ३ असल्यास २५ टक्के शक्ती अँटेनापासून परतते आणि ट्रान्समीटरमध्ये उष्णता होऊन वाया जाते. दुसऱ्यांकडे पदवी नाही, पण आयुष्यभर त्यांनी अँटेना उभारल्या. त्यांच्या मते ट्यूनर (ट्रान्समीटर आणि केबल यांची जुळणी करणारे उपकरण) नीट जुळवल्यास केबलमधील घट वगळता सारी शक्ती अँटेनाला मिळते. गणित तपासण्याइतका माझा अभ्यास नाही. मी कोणाचे ऐकावे?

परभणीकर
हुद्दा हा पुरावा नव्हे, हे याच विषयाच्या इतिहासात दिसते. तारेतील प्रेरकत्व (इंडक्टन्स) योग्य प्रमाणात वाढवल्यास संदेश विकृत होत नाही, हे ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ च्या सुमारास मांडले, तेव्हा ब्रिटिश टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी विल्यम प्रीस यांनी त्यास कडाडून विरोध केला. हेविसाइड यांनी तर सोळाव्या वर्षीच शाळा सोडलेली होती. अर्थात पदवी नसणे हीदेखील पात्रता ठरत नाही.

गोदाकाठ, नांदेड
अभियंत्यांचा २५ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. घट नगण्य धरली, तर ट्यूनरने जुळवलेल्या १०० वॉटच्या सेटच्या (ट्रान्समीटरच्या) केबलवर पुढे जाणारी शक्ती सुमारे १३३ वॉट आणि परतणारी ३३ वॉट दिसते. परतलेली शक्ती ट्यूनरपाशी पुन्हा अँटेनाकडे वळते, म्हणून अँटेनाला १०० वॉटच मिळतात. ट्यूनर नसताना सेट स्वतःहून शक्ती कमी करतो, तो आउटपुट ट्रान्झिस्टरवरील व्होल्टेज किंवा प्रवाह मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून.

माझ्या शब्दावरही विसंबू नका. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ), ट्यूनरपुढे आखूड केबल जोडून तिच्या टोकाला ५० ओहमचे तीन डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषणारे रोधक) समांतर लावा. एसडब्ल्यूआर ३ होईल. त्यांपैकी एकाच लोडच्या आधी वॉटमीटर ठेवा. अभियंते बरोबर असतील तर २५ वॉटच्या आसपास दिसतील, दुसरे बरोबर असतील तर ३३ च्या जवळ, ट्यूनरमध्ये जाईल तेवढे कमी. मात्र मीटरला हात लावण्याआधी दोघांकडून आकडा लिहून घ्या.

परभणीकर
एक पुरवणी: ट्यूनर सेटपाशी असला, तरी त्यापुढच्या केबलमध्ये एसडब्ल्यूआर ३ च राहतो आणि घट वाढते. १४५ मेगाहर्ट्झवर लांब, बारीक केबल असेल तर हा फरक मोठा असतो, शिवाय सेटजवळचा मीटर एसडब्ल्यूआर खऱ्यापेक्षा चांगला दाखवतो. त्यामुळे दोघांनाही आधी विचारा, की त्यांचे मोजमाप केबलच्या कोणत्या टोकाचे आहे.