मदत हवी आहे: उसाला पाणी सेन्सर बघून कधी द्यायचं?

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात आमचा दोन एकर ऊस आहे, को ८६०३२ जातीचा, काळी भारी जमीन, ठिबकवर. यंदा ओलाव्याचे दोन सेन्सर बसवलेत, एक ९ इंचांवर, दुसरा दीड फुटावर. वरचा कोरडं दाखवतो तेव्हा खालचा अजून ओलाच असतो. मग मोटर कुठल्याच्या आकड्यावर चालू करायची? जास्त पाण्यानं शेजारचं रान क्षारपड होऊन पांढरं पडलंय, ते बघून जीव तुटतो.

दुसरं म्हणजे खर्च. वीजबिल, पाणीपट्टी, मजुरी वहीत लिहितोय. आमची पाणीपट्टी एकरावर आहे, म्हणजे पाणी वाचलं तरी ती तेवढीच. मग टनामागं पाण्याचा खर्च काढताना ती धरायची का? भारी जमिनीत सेन्सर वापरणाऱ्यांनी आपले आकडे जरूर सांगा.