प्रशासकांच्या काळातले आक्षेप आता तरी कुणी वाचणार का?

नौपाडेकर

जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि ठाण्याला, नवी मुंबईला पुन्हा नगरसेवक मिळाले. पाणी, कचरा, घोडबंदर रोडची कोंडी यावर बोलणं सुरू झालंय, आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र मागच्या काही वर्षांबद्दल विचारायचंय.

नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. आयुक्त हेच प्रशासक होते. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. हे कायद्याला धरून होतं. पण यात हिशेबतपासणीचं काय झालं ते बघा. १९४९ च्या महापालिका अधिनियमात मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासायचे आणि स्थायी समितीला अहवाल द्यायचा, अशी व्यवस्था आहे. आयुक्त खर्च करणार आणि समिती जाब विचारणार, असं ते ठरलेलं. प्रशासकाच्या काळात दोन्ही कामं एकाच खुर्चीकडे आली. ज्याच्या सहीने पैसे गेले, त्याच्याच टेबलावर त्या खर्चावरचे आक्षेप.

कुणी पैसे खाल्ले असा माझा आरोप नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटल्यावर ती परीक्षा राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मागणी अशी की नव्या स्थायी समित्यांनी त्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एकेक करून चर्चेला घ्यावेत. प्रत्येक आक्षेपावर काय उत्तर आलं, किती रक्कम वसूलपात्र ठरली, त्यातली किती वसूल झाली, हे सगळं मराठीत पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावं. नवी कामं मंजूर करण्याची घाई आहे, मान्य. तेवढीच घाई इथेही दाखवा.

कोपरखैरणेकर

प्रश्न बरोबर, उपाय चुकीचा. मोठे ठेके मंजूर कोण करतं? स्थायी समितीच. प्रशासक यायच्या आधी हीच समिती एका बैठकीत निविदा मंजूर करायची आणि दुसऱ्या बैठकीत त्याच कामावरचे आक्षेप तिच्यापुढे यायचे. तेव्हा किती नगरसेवकांनी मान वर करून विचारलं? तळं राखणाऱ्यालाच पाणी मोजायला बसवण्यातला हा प्रकार आहे. एका प्रशासकाच्या जागी सोळा नगरसेवक आले म्हणून तपासणी स्वतंत्र होत नाही.

तपासायचंच असेल तर बाहेरच्याने तपासावं. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांना घटनेच्या १४८ व्या कलमाचं संरक्षण आहे. सरकारला मनात आलं म्हणून त्यांना काढता येत नाही. मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण त्यांनी केलं आणि मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला. तसंच ठाणे आणि नवी मुंबईचं होऊ द्या.

नौपाडेकर

तुम्ही दिलेल्या उदाहरणातच अडचण आहे. मुंबईची ती तपासणी दरवर्षीच्या शिरस्त्याने झाली नव्हती, राज्य सरकारने २०२२ मध्ये मुद्दाम सांगितली म्हणून झाली. आणि कोविडकाळातल्या साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची कागदपत्रं साथरोग कायद्याकडे बोट दाखवून पालिकेने दिलीच नाहीत. सरकारला वाटेल तेव्हा आणि वाटेल त्या शहराची तपासणी होणार असेल, तर उद्या ती कुणाला झोडपायची काठीही होऊ शकते.

शिवाय वेळ बघा. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, त्याच्या कामांवर कॅगने ताशेरे ओढले तो अहवाल विधिमंडळात आला मार्च २०२० मध्ये, आणि त्यात तपासलेले ठेके कित्येक वर्षांपूर्वीचे. सिडकोचीच बेलापूर ते पेंधर मेट्रो तुमच्याच शहरातली. ११ किलोमीटरचा मार्ग, काम सुरू झालं २०११ मध्ये, पहिली गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. अशा कामात चूक कुठे झाली हे वेळेत कळलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं. मला दर आठवड्याची तपासणी महत्त्वाची वाटते ती यासाठी.

मोजमाप पुस्तक

मी एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. इथे दोघंही तपासणी वाढवा म्हणताय. खुर्चीच्या या बाजूने काय दिसतं तेही सांगतो.

जुलै महिना होता. रात्री नाल्याची संरक्षक भिंत खचली आणि पाणी चाळीत शिरायला लागलं. आणीबाणीत निविदेशिवाय काम करून घ्यायची तरतूद कायद्यात आहे. वरिष्ठांना फोन केला, तोंडी होकार मिळाला. जवळच्या साइटवरच्या ठेकेदाराचं पोकलेन आणि माणसं बोलावली, पहाटेपर्यंत वाळूच्या गोण्या रचल्या. पुढच्या दोन आठवड्यांत भिंत उभी राहिली, ती आजही उभी आहे. सात वर्षांनी आक्षेप आला: निविदा का मागवली नाही, मंजुरीची तारीख कामानंतरची का, दर कशावरून ठरवले. ज्यांनी फोनवर होकार दिला होता ते तोपर्यंत हयात नव्हते. माझी निवृत्ती तोंडावर आली होती आणि लेखापरीक्षण अहवालातल्या या एका परिच्छेदापायी माझ्या निवृत्तीच्या देण्यांचे कागद पुढचं वर्षभर अडकले.

त्याच खात्यातला एक रस्ता सांगतो. निविदा रीतसर, तीन ठेकेदारांचे देकार, मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, एकही खाडाखोड नाही, चाचणीचे दाखले जोडलेले. डांबर मात्र दुसऱ्या पावसाळ्यात उखडलं. त्यावर आक्षेपाची एक ओळ नाही, कारण कागदात खोट नव्हती.

याचा परिणाम काय होतो? माझ्या हाताखालची तरुण मुलं सही करायला कचरतात. फाइल वर पाठवा, खाली आणा, अभिप्राय घ्या, पुन्हा पाठवा. निर्णय घेतला नाही म्हणून कुणावर कधी आक्षेप येत नाही, घेतला की येतो. अहवाल जाहीर करून प्रत्येक परिच्छेदावर भाषणं झाली तर पावसात रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

अर्धसमास

वरचं वाचून वाईट वाटलं. मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात नोकरी केली. बेलापूरच्या कोकण भवनातून आमचा कारभार चालतो. कोकणातल्या नगरपरिषदांचे हिशेब तपासत बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अर्धसमास म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. आम्ही कागदाच्या अर्ध्या भागात शंका लिहितो आणि उरलेला अर्धा भाग कोरा सोडतो. तो कोरा भाग कार्यालयाच्या उत्तरासाठी असतो. म्हणजे आक्षेप हा निवाडा नव्हेच, तो विचारलेला प्रश्न आहे. समाधानकारक उत्तर आलं की तो तिथेच गळतो, अहवालाच्या परिच्छेदापर्यंत जातच नाही.

अभियंतासाहेब, त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, एक पान लागलं असतं, "अमुक वाजता भिंत खचली, अमुक अधिकाऱ्यांचा दूरध्वनीवर होकार घेतला, दर चालू दरसूचीप्रमाणे", तर माझ्यासारखीने तो मुद्दा पाच मिनिटांत वगळला असता. तुम्ही चोरी केली असं कुणी म्हटलं नव्हतं. सात वर्षांनी विचारलं, ती मात्र व्यवस्थेची चूक आहे आणि ती आमच्याकडची आहे, हे मी मान्य करते. माणसं कमी, संस्था जास्त, आणि मागच्या वर्षांची तपासणी तुंबलेली.

पण त्या कोऱ्या अर्ध्या भागाचं काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. "नस्ती आढळून येत नाही." "संबंधित कर्मचारी सेवानिवृत्त." "नोंद घेतली, यापुढे दक्षता घेण्यात येईल." नाहीतर काहीच नाही, कागद कोराच परत. तसलमात हा तर स्वतंत्र विषय आहे. एखाद्या कामासाठी कर्मचाऱ्याला आगाऊ रक्कम दिली जाते, तिचा हिशेब काम झाल्यावर द्यायचा असतो. काम होऊन जातं, माणसाची बदली होते, आणि रक्कम वर्षानुवर्षं वहीत "येणे" म्हणून पुढे ओढली जाते. यातला प्रत्येक पैसा खाल्लेला असतो असं नाही. बहुतेक वेळा पावत्या जोडायचा आळस असतो. पण त्या आळसाच्या आडोशाला खरी खोटही बसते, आणि वहीत दोन्ही सारखीच दिसतात.

नौपाडेकर, तुमच्याशीही माझं पूर्ण जुळत नाही. आक्षेप सरसकट संकेतस्थळावर टाकले तर दुसऱ्या दिवशी मथळा येईल, "पालिकेत इतक्या कोटींचा घोटाळा". टू-जीचं, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या स्पेक्ट्रमचं प्रकरण आठवा. २०१० मध्ये कॅगने १ लाख ७६ हजार कोटींचा संभाव्य तोटा मांडला. तो आकडा वेगवेगळ्या गृहीतकांवरच्या अंदाजांपैकी एक होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, म्हणजे वाटप चुकीचं होतं हे ठरलं. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. लोकांच्या डोक्यात राहिला तो फक्त आकडा. म्हणून माझं मत असं की आधी उत्तराला मुदत द्या, मुदत संपली की आक्षेप आणि उत्तर दोन्ही एकत्र जाहीर करा. उत्तर आलं नसेल तर तो अर्धा कागद कोराच छापा.

कोपरखैरणेकर

शेवटचं वाक्य पटलं. पण मुदत पाळली नाही तर काय? संसदेत आणि विधिमंडळात लोकलेखा समिती तरी आहे, ती सचिवांना समोर बसवून साक्ष घेते. लोकसभेत तर १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पालिकेत तसं काय आहे? सत्ताधाऱ्यांचाच सभापती. निदान लेखापरीक्षण अहवालांवरची चर्चा तरी विरोधी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली होऊ द्या. ते होत नाही तोवर स्थायी समितीवर माझा विश्वास बसणार नाही.

घणसोलीची रहिवासी

मला ताळेबंद वाचता येत नाही आणि माझ्यासारखेच बहुतेक आहेत. आमच्या सेक्टरातल्या फुटपाथच्या लाद्या काढल्या आणि नव्या बसवल्या. जुन्या चांगल्या होत्या. त्याला किती खर्च आला आणि का आला, एवढंच मला हवंय.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तिकडे रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करायचं असं केंद्राच्या २००५ च्या कायद्यात कलम १७ मध्येच लिहिलेलं होतं. कुणाच्या नावावर किती दिवस लागले, मजुरी कुणाला मिळाली, हे गावासमोर वाचायचं. माझी वहिनी सातवी शिकलेली. यादीत गाव सोडून गेलेल्या माणसाचं नाव वाचलं गेलं तेव्हा तिने उभं राहून विचारलं होतं. त्याच जिल्ह्यातल्या शहरात राहणाऱ्या मला तशी जागा नाही. प्रभागातल्या पाच कामांचा खर्च प्रभागात येऊन वाचा. कॅग काय आणि स्थायी समिती काय, त्या लाद्या बघायला दोघंही येणार नाहीत.

सनदी लेखापाल, खारघर

एक दुरुस्ती. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अटच घातली होती की लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाका. त्यामुळे "हिशेब जाहीर नाहीत" असं सरसकट म्हणता येणार नाही. फक्त ते वार्षिक विवरणपत्रांचं लेखापरीक्षण आहे. त्यात जमा, खर्च, मालमत्ता, देणी बरोबर मांडलीत का ते कळतं. लादी बदलायची गरज होती का, हे त्यातून कधीच कळणार नाही. दोन्ही गोष्टींना आपण "ऑडिट" म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

मोजमाप पुस्तक

घणसोलीच्या ताईंचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटलं. लोक साइटवर उभे असतील तर मला चालेल. खड्डा किती खोल खणला, खडीचा थर किती, हे तेव्हाच दाखवता येतं. सात वर्षांनी रस्ता खणून काय सापडणार?

अर्धसमासताई, ते एक पान मी लावलं नव्हतं, हे खरं. रात्रभर पाण्यात उभा होतो, सकाळी दुसरीकडे झाड पडलं म्हणून तिकडे गेलो. पण तुम्ही म्हणता तसं सरळ कुणी मला तेव्हा समजावलं नाही. आक्षेपाची भाषाच अशी होती की मी आरोपी आहे असं वाटलं. ती भाषा बदला.

नौपाडेकर

माझ्या मागणीत बदल करतो. आक्षेप एकटे जाहीर करू नयेत, उत्तरासह करावेत आणि उत्तराला मुदत असावी, हे अर्धसमासताईंचं मान्य. प्रभागातलं वाचनही मान्य, आणि ते आधी. विरोधी नगरसेवकाच्या अध्यक्षतेचं कोपरखैरणेकरांचं म्हणणंही योग्य आहे, पण त्यासाठी थांबायला मी तयार नाही. सभापती कुणाचाही असो, अहवाल आधी पटलावर येऊ देत.

मी या आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. एप्रिल २०२२ पासूनचे मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल आणि प्रत्येक परिच्छेदावरचं अनुपालन, म्हणजे त्यावर दिलेलं उत्तर आणि केलेली कारवाई, मागणार आहे. नवी मुंबईसाठी कुणी टाकेल का?

घणसोलीची रहिवासी

मी टाकते. मसुदा पाठवा. त्यात लाद्यांच्या कामाचं मोजमाप पुस्तकही मागायचंय, ते कसं लिहायचं ते सांगा.

अर्धसमास

"मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने आणि अंतिम देयकाची प्रत" असं लिहा. कामाचं नाव आणि वर्ष घाला, नाहीतर "माहिती विस्तृत आहे" म्हणून परत येईल. शक्य असेल तर आधी नस्ती पाहण्याची परवानगी मागा, कार्यालयात बसून पानं निवडता येतात. मी सोबत येईन.

मोजमाप पुस्तक

मी ज्या पालिकेत होतो तिथेही कुणीतरी असाच अर्ज करावा. माझ्या नावावर दोन परिच्छेद अजून उघडे आहेत. भिंतीचं उत्तर मी आता नीट लिहून देतो, तारीख-वारासकट.