बॅकअप चालू असताना बिनतारी माऊस अडखळतो

ऐरोलीकर :
माझ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून बिनतारी माऊसचा कर्सर मध्येच थबकतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. सकाळी काहीच तक्रार नसते. संध्याकाळी सातनंतर, दिवसभराच्या कामाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला बसलो की हा त्रास सुरू होतो. सेल बदलून झाला, पॅडऐवजी वहीही ठेवून पाहिली. दुकानदाराने तर खाडीवरच्या दमट हवेवर खापर फोडले. तारेचा जुना माऊस मात्र त्याच वेळी सुरळीत चालतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलून पाहावा का?

कोपरीकर :
कर्नलला एवढ्यात हात लावू नका. वीज वाचवण्यासाठी पॉवरटॉप या प्रोग्रामचे ‘ऑटो-ट्यून’ कधी चालवले होते का? त्यामुळे यूएसबी माऊसही झोपी जाऊ शकतो. न वापरलेले उपकरण झोपवण्याची कर्नलची मूळ मुदत २ सेकंदांची असल्याने हात काढून पुन्हा ठेवला की पहिली हालचाल वाया जाते. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरातील ‘कंट्रोल’ या फाइलीत ‘ऑटो’ दिसले, तर तेथे ‘ऑन’ लिहावे.

ऐरोलीकर :
तेथे आधीपासूनच ‘ऑन’ आहे. शिवाय कर्सर थबकतो तो हात हलत असतानाच.

नेरूळकर :
मग झोपेचा प्रश्न निकालात निघाला. टर्मिनलमध्ये रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही माऊसची हालचाल ओळींत दाखवणारी आज्ञा चालवा आणि माऊस गोल गोल फिरवत राहा. हात फिरत असूनही ओळी उमटायच्या थांबल्या, तर हालचाल संगणकापर्यंतच पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी डेस्कटॉपच्या सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. माझा संशय त्या डिस्कवर आहे. यूएसबी ३.० वर ५ गिगाबिटच्या वेगाने माहिती वाहते तेव्हा केबल आणि कनेक्टरमधून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि बहुतेक बिनतारी माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढले होते. तारेचा माऊस यातून सुटतो, हेही तुमच्या अनुभवाशी जुळते. माऊसचे संदेश पकडणारा आपला यूएसबी रिसीव्हर नेमका कोठे लावला आहे?

ऐरोलीकर :
डिस्कला अगदी खेटून, मागच्या निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टात. दोघांमध्ये बोटभरही अंतर नव्हते. बॅकअप सुरू होताच ओळी तुटक उमटू लागल्या आणि डिस्क काढताच पुन्हा सलग झाल्या. ठाणे स्टेशनबाहेरून दीड मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल आणून रिसीव्हर मॉनिटरखाली, माऊसच्या समोर, आणून ठेवला आहे. आपणा दोघांचे आभार. हे उत्तर बॅकअप चालू असतानाच लिहीत आहे आणि कर्सर एकदाही थबकलेला नाही.