'टँक' शब्द नक्की कुणाचा? प्रश्नमंजूषेसाठी मदत हवी आहे

मंडळी, जरा घाई आहे. इथे वडोदऱ्यात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची प्रश्नमंजूषा माझ्या गळ्यात पडली आहे. एक प्रश्न घातला: मराठी-गुजरातीतून इंग्रजीत गेलेला शब्द कोणता? उत्तर, टँक. डोळ्यांपुढे दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचं चौकाखालचं टाकं होतं. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्यात उतरायचं, पहिल्या सरीचं मात्र बाहेर सोडायचे. शेजारचे गुजराती त्यालाच टांकुं म्हणतात.

परीक्षक काका अडून बसलेत. त्यांच्या मते शब्द पोर्तुगीज 'तांके'वरून आला, आणि तो 'एस्तांकार' म्हणजे पाणी अडवणे, यावरून. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा शब्द वापरला तो हिंदुस्थानातला तलाव या अर्थानेच ना? हैदराबादचा टँक बंड म्हणजे हुसेनसागराचा बांधच. रणगाड्याला हे नाव तर फार उशिरा, १९१५ साली मिळालं. काम गुप्त राहावं म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं, आणि १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ते उतरले तरी नाव तेच राहिलं.

पोर्तुगीज इथे आले १४९८ मध्ये. त्याआधीचा 'टाके' किंवा 'टांकुं'चा लेखी पुरावा कुणाला माहीत आहे का? मोल्सवर्थच्या कोशात शब्द आहे, पण तो १८३१ चा, काका उडवून लावतील. लेण्यांतली टाकी पुरावा म्हणून चालतील का?

प्रतिसाद:
लेणी सोडा. टाकी जुनी, पण कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत त्यांना 'पाणियपोढी' म्हटलंय. त्यापेक्षा संस्कृत 'टंक' बघा, म्हणजे पाथरवटाची छिन्नी. आपण तिलाही टाकीच म्हणतो. खडकात खोदलेलं ते टाकं, असं मला वाटतं. कोशकार बहुधा दोन्ही बाजू देतात: शब्द इथला, पोर्तुगीजाने त्याला बळ दिलं. म्हणजे काकांना पुरते खोटे पाडता येणार नाही. बक्षिसाच्या प्रश्नाला असलं वादाचं उत्तर ठेवूच नका. 'मंगूज' घ्या, कोशात सरळ मराठी मुंगूस दिलेलं असतं.

धागाकर्ता:
मुंगूस घेतलं, प्रश्नातलं 'गुजराती' काढलं. काका खूश. छिन्नीचं डोक्यात नव्हतं. १४९८ पूर्वीचं काही मिळालं तर लिहाच, काकांशी हिशेब बाकी आहे.